दापोड्यातलं राष्ट्रपती भवन

दापोडे, गुरुवार

तीर्थरूप धोंडूआत्यास मनोजचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघे कसे आहेत? गणेशपुरीच्या गरम कुंडाचा काही गुण येतोय का? आम्ही सगळे ठीक, म्हणजे थकलेले. तू फोन उचलत नाहीस, म्हणून ड्रायव्हरच्या हाती पत्र.

रविवारी उन्नतीची हळद. घरातल्या प्रत्येक हळदीला तू धवले गायलीस, आणि या वेळी तुळशीरामदादा तुला म्हणाला की ती लग्नाची जुनी गाणी आता कोण ऐकतं, डीजे सांगितलाय. तू रुसलीस ते बरोबरच. पण तू आली नाहीस तर पाटावर बसणार नाही, असं उन्नतीने बापाला बजावलंय.

दादाचं लक्ष मांडवाकडे. कशेळीत कुणीतरी हळदीला विमान उभं केलं होतं (पंखासकट), म्हणून आपल्या गोदामामागे राष्ट्रपती भवन. स्पीकरवर लावायला त्याचा इतिहास मी लिहायचा. लिहिला. इंग्रजांनी व्हाइसरॉयसाठी तीनशे चाळीस खोल्यांचं घर चार वर्षांत बांधायचं ठरवलं, सतरा लागली, आणि धड तेवढी वर्षं राहायलाही मिळालं नाही. (हे वाक्य दादाने काढायला लावलं. शुभकार्यात बरं दिसत नाही.) पुढे लिहिलं की समोरच्या रस्त्याला चढ राहिला, त्यामुळे वर येताना मधेच घर दिसेनासं होतं, नुसता घुमट उरतो, आणि त्यावरून बांधणाऱ्या दोन साहेबांचं कायमचं बिनसलं. मांडववाल्या भावेशने माझा कागद नकाशासारखा वाचला आणि चढही बांधला.

काल उन्नतीला बसवून पाहिलं. पाहुण्यांच्या खुर्च्यांवरून ना पाट दिसतो, ना नवरी. घुमट तेवढा छान दिसतो. दादाने भावेशला विचारलं,

"पन वरिजनल हाय ना?"

"एकदम वरिजनल, शेठ," भावेश म्हणाला.

चढापलीकडून उन्नतीचा आवाज आला, "बाबा, धोंडूआजी येनार हाय का न्हाय, तेवरा सांगा."

आत्यापुढे हात जोडणार नाही, असं दादाने घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. मीही तुला ये म्हणत नाही. फक्त कळवलं.

तुझा,
मनोज

ता. क. : नवरी दिसणार नाहीच. निदान तिच्यासाठी गाणारं माणूस तरी ऐकू यावं.

आणखी एक : हे पत्र दाराखालून सरकवणारा ड्रायव्हर नव्हता, दादाच होता. अजून गाडीत बसला असेल. दार वाजवायचा नाही. चहाला तूच बोलाव.