माझा धूर, माझी चूल

८ ऑक्टोबर, सकाळ
आणि सगळ्यांच्या आधी कोण टपकलं, तर शेजारची मित्सुए. नगरपालिकेची माणसं दहाला यायची, ही आठलाच पायरीवर. म्हणे, ताईंकडचं मुळ्याचं लोणचं संपलं का बघायला आले. नव्हतं संपलं. मग माणसं आली. दोनशे वर्षांचं घर, आता पाहुण्यांना दाखवायचं म्हणाली. चुलीजवळ एक आजी हवी. रोज धूर केला नाही तर छपराच्या गवताला कीड लागते, हे मलाच समजावत होती! साठ वर्षं इथे धूर कोण करतंय? माझी निवड झाल्यातच जमा. तसं कुणी बोललं नाही, पण साहेबाने लोणचं दोनदा घेतलं.

१२ ऑक्टोबर
संकल्प : पाहुण्यांसमोर डुलक्या घ्यायच्या नाहीत. निळा एप्रन धुतला. 'वेलकम' पाठ केलं, मधेच विसरते. मित्सुए रोज मदतीला येते. तिला सगळं शिकवलं. सुकं लाकूड आधी, ओलं मागाहून, धूर हवा, जाळ नको. सासूबाईंनी मला हे सांगायला सात वर्षं लावली, मी चार दिवसांत सांगितलं. मन मोठं आहे माझं. तिने वहीत उतरवून घेतलं. हौस बिचारीला.

१९ ऑक्टोबर
मुलगा आला, योशिहारू. कागदांवर सहीच्या जागी माझा शिक्का मारून घेतला. कसले रे, विचारलं तर तुझ्या भल्याचेच म्हणाला. चष्मा सापडत नव्हता. नेमणुकीचेच असणार.

२ नोव्हेंबर
नव्हते. घर नगरपालिकेला, मी शहरात योशिहारूच्या फ्लॅटवर, आणि चुलीजवळ मित्सुए. आईला धुराने चक्कर येते असं त्यानेच साहेबांना सांगितलं. एकदाच आली होती, तीही उपाशी होते म्हणून. मित्सुएला जाब विचारला. मान खाली घालून म्हणाली, "ताई, सगळं तुमच्याच पद्धतीने करीन की." वर एप्रन मागितला. दिला. थंडी सरेपर्यंतच तर प्रश्न आहे.

२० जानेवारी
फ्लॅट. हीटरला बटण असतं, धूर नसतो. सून चांगली आहे, लोणचं मात्र दुकानातलं. गावात म्हणे कमरेएवढा बर्फ. मित्सुएला झेपायचं नाही. केव्हाही बोलावतील, पिशवी भरून दाराशी ठेवलीय. आज दोन फोन आले. दोन्ही विम्याचे.

३ मे, दुपार
शेवटी मीच गेले. तिकिटावरच्या मुलीने चपला कुठे काढायच्या ते नीट दाखवलं. गुणी पोर. आत मित्सुए, अंगात माझा एप्रन. धूर निळसर, सरळ वर, छपरात जिरणारा. काहीतरी चुकलं असेल म्हणून पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोरीवरून वाकून बघितलं, तर मलाच ठसका लागला. सहा महिने हीटर, दुसरं काय.

"आजी, दोरीच्या पलीकडे बसा," मित्सुए म्हणाली. साठ वर्षं ताई म्हणते मला.

ओसाकाच्या एका जोडप्याने पाणी दिलं. पहिल्यांदाच येताय का, विचारलं. मी हो म्हटलं. एवढ्या लोकांत कुठे सांगत बसायचं. मग मित्सुएने लोणचं वाटलं, माझ्या बरणीतलं. त्या दोघांनी दोनदा घेतलं, आणि लग्नाच्या वाढदिवसाला, १८ ऑक्टोबरला, नक्की परत येऊ, असं तिला सांगून गेले.

१८ ऑक्टोबर. लिहून ठेवलंय. तोवर मला बोलावतीलच.