बाटलीवर राजेंचं नाव

३ मार्च

लॅबमधून बाटली मिळाली. पांढरं झाकण, पोटावर कोरी चिठ्ठी — नाव, वय, वेळ. घरी येऊन ओट्यावर ठेवली, तर राजेंनी ती उचलून औषधांच्या फळीवर नेऊन ठेवली. बाटली म्हणजे औषध, औषध म्हणजे फळी. बरोबरच आहे त्यांचं.

आईनेच ठेवलेलं हे नाव. घर याच्या हुकमानं चालतं म्हणून धाकटा भाऊ राजे आणि मी, थोरली बहीण, बिनपगारी प्रधान. राजेंचं वय अडतीस, पण डॉक्टरीणबाई अजून माझ्याशीच बोलतात. आज म्हणाल्या, "रक्त देत नाही ना, मग लघवी तरी आणा. दोन वर्षं ही गोळी चालू आहे, तिनं साखर चढू शकते. पाणी फार पितो म्हणालात?"

नळ सोडत नाही म्हटलं.

"असेल एखादा नवा नाद. स्वमग्न माणसांना लागतो. पण तपासलेलं बरं."

आणि साखर निघाली तर? "तर गोळी बंद." इतकं सहज!

४ मार्च

गोळीआधीचं वर्ष आठवायचं नाही असं ठरवलं होतं. आज दिवसभर तेच. भिंतीला उशी बांधलेली. उशी नको म्हणून राजे दुसऱ्या भिंतीकडे. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये माझा तळहात. एकदा दादा घरी आलेला असतानाच कपाळ फुटलं. आमचा मोठा भाऊ, पण रक्त बघून मटकन खाली बसला. तेव्हाच म्हणाला होता, "पुन्हा हे सुरू झालं तर मी तुझं ऐकणार नाही. सरळ संस्थेत." दादा वाईट नाही. म्हणूनच भीती वाटते, तो बोलतो ते करतो.

गोळी आली आणि घर शांत झालं. मला ती शांतता हवी आहे. लिहून टाकलं एकदाचं.

५ मार्च

सकाळी सहा चाळीस ही राजेंची वेळ. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. कमोडवर प्लॅस्टिकचा कागद ताणून लावला — लॅबवाल्या बाईंनीच सांगितलेली युक्ती. राजे आत गेले. कागद सोडवला, चार घड्या केल्या, कचऱ्यात टाकला. मग लघवी, मग लगेच फ्लश. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिथे कचरा केला होता!

६ मार्च

बाटली हातात दिली. "राजे, ही भरून आणायची." आणली की! काठोकाठ! मला इतका आनंद झाला की धावतच लॅबमध्ये गेले. बाईंनी उजेडात धरली, झाकण उघडलं. "ताई, हे नळाचं पाणी आहे."

भरून आण म्हटलं, त्यानं भरून आणलं. चूक कुणाची?

त्यांनी दुसरी बाटली दिली. उद्या शेवटचा दिवस, परवा डॉक्टरीणबाईंची वेळ.

७ मार्च

मी भरली.

माझी. चिठ्ठीवर राजेंचं नाव, राजेंचं वय, वेळ सहा चाळीस. अक्षर मात्र सुरेख आलं.

८ मार्च

सगळं नॉर्मल. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "बघा, उगाच जीव टांगणीला लावून घेतला होता. पाण्याचा नादच आहे तो. गोळी चालू ठेवा."

मीही हसले. दादाला कळवलं. तोही "छान" म्हणाला. खोटं मी एकदाच लिहिलं, पण आता ते सगळ्यांच्या तोंडून मला ऐकू येतंय.

१२ मार्च

काही नाही. राजे झोपाळलेले आहेत. हवा बदलतेय, त्यानेही असेल.

१४ मार्च

पट्ट्याला नवं भोक पाडलं. पँट कमरेवर थांबेना. मी कपडे अल्टर करून पोट भरणारी बाई — माप मला दिसत नव्हतं का? दोन इंच! जानेवारीत मीच शिवली होती ही पँट.

आणि कमोडच्या कडेला मुंग्या. रांग लावून. पुसल्या. तासाभराने पुन्हा रांग.

१५ मार्च

मी काम करते त्या दुकानात राजे दोऱ्याची रिळं लावता लावता खुर्चीतच झोपले. दुकानाचे मालक म्हणाले, "बाई, पोरगं खंगलंय हो. तपासलं का काही?"

"तपासलं," म्हणाले. "सगळं नॉर्मल आहे." जीभ कशी झडली नाही माझी!

१७ मार्च

डॉक्टरीणबाईंसमोर जायची हिंमत झाली नाही. लॅबच्या खिडकीशी गेले. गर्दी ओसरेपर्यंत तीन वेळा रांगेतून बाहेर पडून पुन्हा शेवटी उभी राहिले. मग एकदम बोलले — ती बाटली माझी होती, आणि आता कमोडला मुंग्या लागतात.

बाईंनी हातातलं काम थांबवलं. मला वाटलं आता ओरडणार, सगळ्यांना ऐकू जाणार. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या नाही. पण मुंग्या म्हणताय, तर आता एक दिवसही घालवू नका." छोटी डबी दिली. आत पट्ट्या, पट्टीवर रंगीत चौकोन. लघवीत बुडवायची, रंग बदलला की डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा.

"आणि हे वरवरचं आहे नुसतं. उद्या काही निघो न निघो, डॉक्टरांना तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार."

१८ मार्च

डबीवरचे रंग राजेंनी पाहिले आणि डबी माझी राहिली नाही! दुकानात रिळांच्या अकरा निळ्या छटा ओळीने लावणारा माणूस तो. पट्टी चहात बुडवली. "जुळत नाही." साबणाच्या पाण्यात. "जुळत नाही." माझ्या पेल्यात! मी ओरडणार होते, पण थांबले. म्हटलं, "राजे, ही तुमच्या लघवीशीच जुळते."

सहा चाळीस होऊन गेले होते. तरी कप घेऊन स्वतः गेले. दोन आठवड्यांपूर्वी मी चोरासारखी मागे लागले होते. काय आहे आणि कशाला हवं आहे, एवढं एकदाही सांगितलं नव्हतं.

पट्टी बुडवली, डबीशी धरली. मी लांबूनच म्हटलं, "फिका आहे ना? दुसरा असेल." राजेंनी बोट ठेवलं. तपकिरी. "शेवटचा." मग दुसऱ्या चौकोनावर बोट — "हिरवा." तो कशाचा, मी बघितलंच नाही. साखरेच्या चौकोनाचा रंग शेवटचा निघाला.

१९ मार्च

सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाद आहे असं मीही म्हटलं होतंच की." मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठी.

तिथे सुई टोचली. राजे हलले नाहीत. टेबल उलटं केलं असतं, नर्सला चावला असता तरी मला बरं वाटलं असतं. नुसता हात पुढे पडला होता. माझ्या अकरा दिवसांनी त्याची ही दशा केली. याला मी काय म्हणू? माया?

२० मार्च

शुद्धीत आहेत. नळ कुठे आहे ते विचारलं. सलाइनचे थेंब मोजतात. गोळी बंद.

२३ मार्च

साखर उतरतेय. हळूहळू बोलतात. चौथा दिवस गोळी नाही. मी खाट भिंतीपासून हातभर ओढून घेतली आहे. नर्स ती पुन्हा लावते, मी पुन्हा ओढते. राजे कूस बदलतात आणि माझं धाबं दणाणतं.

दादाचा फोन. "गोळी बंद म्हणजे पुढचं तुला माहीत आहे. मी फॉर्म आणून ठेवलाय." मी भांडले नाही. कुठल्या तोंडाने भांडू?

२५ मार्च

आज सुरू झालं. दुपारी. एकदा, दोनदा, खाटेच्या दांडीवर. मी हात मध्ये घातला. बोटं सुजली आहेत, लिहायला त्रास होतोय. डॉक्टरीणबाई बघायला आल्या होत्या. त्या राजेंच्या डोक्याकडे बघत नव्हत्या. राजेंचा एक हात पोटाच्या डाव्या बाजूला गच्च धरलेला होता, तिकडे बघत होत्या. "लघवीत रक्ताचा अंश आहे," म्हणाल्या. "पट्टीवरही दिसलं असेल, हिरवं." लगेच सोनोग्राफी.

२६ मार्च

डाव्या मूत्रपिंडात खडा. "जुना दिसतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन-तीन वर्षांचा तरी असावा. याच्या कळा आल्या की धडधाकट माणूस गडाबडा लोळतो. तेव्हा कधी काही सांगितलं नाही त्यानं?"

सांगत होता. रोज सांगत होता, भिंतीवर डोकं आपटून. मी त्याला गोळी देऊन गप्प केलं.