सतरा नंबरचे वारस

मंगळवार, दिनांक १४ मार्च २०१७. सकाळचे साडेदहा वाजले आहेत. शिवणयंत्राला तेल घातले, यंत्र पुसले, वर झाकण घातले आणि मग हा कागद पुढे घेतला. तेलाचे बोट कागदाला लागू नये म्हणून हात दोनदा धुतले आहेत.

मी, कॉन्व्हेंट शाळेच्या गणवेशांचा शिंपी, वय सव्वीस, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. छातीत धडधडते आहे, पण ती धडधड छातीतली आहे, डोक्यातली नाही, असे औषधवाल्यांनी तपासून सांगितले आहे. माणसांची पूर्ण नावे आणि पत्ते वकीलसाहेबांकडच्या जोडपत्रात आहेत. या कागदात मी ज्याला जे म्हणतो तेच लिहिले आहे. रोज तोंडात नसलेले नाव लिहिताना चूक होईल आणि त्या चुकीवरून उद्या कोणी भांडेल, याची मला भीती वाटते.

कारण असे की उद्या सकाळी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. दवाखान्याने अंघोळ करून, उपाशीपोटी आणि स्वतःची चादर घेऊन यायला सांगितले आहे. डॉक्टर हसले. म्हणाले, "अहो, एवढ्याशा कामाला मृत्युपत्र? परवा घरी बसून चहा प्याल." दोन वर्षांपूर्वी माझ्या आईलाही पित्ताच्या खड्यांसाठी नेले तेव्हा असेच हसून सांगितले होते. आई चष्मा यंत्रावर ठेवून गेली, कारण लगेच यायचे होते. चष्मा अजून तिथेच आहे. म्हणून डॉक्टरांचा राग न धरता मी लिहितो.

कलम १. शाळेच्या मागच्या गल्लीतले दुकान आणि त्यामागची खोली आईने स्वतःच्या शिलाईतून घेतली. वडील मी पाळण्यात असतानाच गेले. त्यांचा एक पैसाही यात नाही. ही जागा मी शाळेच्या लाँड्रीत काम करणाऱ्या मावशीला देत आहे. ती आईची मैत्रीण. आई शिवत असली की मला तिने सांभाळले आहे. गॅसची शेगडीही तिचीच. तिला साक्षीदार करायचे होते, पण वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये. हे मावशीला सांगितले तर म्हणाली, "मग सही राहू दे, शेगडी दे." सबब ती साक्षीदार नाही.

कलम २. माझ्या काकांना, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाला, भिंतीवरचा आरसा द्यावा. दुसरे काही नाही. आई गेल्यावर ते टेम्पो घेऊन आले आणि आईचे लोखंडी कपाट उचलताना म्हणाले, "जिला आडनाव नाही, तिला वारस कुठून आला?" मी समोर उभा होतो. मला तेव्हा उत्तर सुचले नाही. मला उत्तर नेहमी दोन दिवसांनी सुचते. आरसा चांगला आहे, कुठेही डाग नाही, चेहरा स्पष्ट दिसतो.

कलम ३. कात्र्या, टेप, इस्त्री आणि मापांचे कागदी खाके यांचे मावशीने काय ते पाहावे. शिवणयंत्र मात्र विकू नये. वसतिगृहातली हल्लीची सतरा नंबरची मुलगी मोठी होऊन तिचे पाय पायडलला पुरतील तेव्हा ते तिला द्यावे. तोवर महिन्यातून एकदा तेल घालावे. तेल खालच्या खणात आहे. जास्त घालू नये, कापडाला डाग पडतात.

कलम ४. यंत्राच्या खणातली चादर, जिच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने फक्त "१" घातलेला आहे, तीही त्याच मुलीला द्यावी. सुई त्याच टाक्यापाशी टोचलेली आहे. काढू नये.

कलम ५. चादरीबरोबर तिला पुढील हकीकत द्यावी. ही आईकडून माझ्याकडे आली. मी लहान असताना झोप लागत नसे, तेव्हा आई हीच सांगायची. नियमाने ती माझी नाही. ती सतरा नंबरची आहे.

शाळेचा छापील इतिहास मदरच्या खोलीत काचेखाली ठेवलेला आहे. त्यात पायाभरणी, देणगीदार आणि कोणकोण पाहुणे आले ते आहे. वसतिगृहाच्या मुली फक्त फोटोत आहेत, आणि फोटोखाली "विद्यार्थिनी" एवढेच छापले आहे.

आई सांगायची ते असे. तीन सिस्टर बोटीने आल्या. जागा मिळाली ती धान्याच्या गोदामाची. पहिल्या वर्षी मुलींपेक्षा उंदीर जास्त शिकले. गावाने मुली दिल्या नाहीत, म्हणे या बायका पोरींना बिघडवतील. मग ज्या मुली बिघडल्या काय नि न बिघडल्या काय, कोणालाच पडली नव्हती, त्या आल्या: दारात ठेवून दिलेल्या, कोणी नसलेल्या. त्या वाचायला शिकल्या हे पाहून मग व्यापाऱ्याने आपली मुलगी पाठवली, त्याच्यामागे बाकीच्यांनी. तेव्हा भांडण लागले ते धुण्यावरून. व्यापाऱ्याच्या बायकोचा निरोप आला की आमच्या मुलीचे कपडे त्या पोरींच्या कपड्यांबरोबर एका हौदात धुवायचे नाहीत. पहिल्या मदरने त्याच दिवशी सगळ्या कपड्यांवरची नावे उसवायला लावली आणि प्रत्येकीला एक नंबर दिला. म्हणाली, "साबणाला आडनाव वाचता येत नाही." व्यापाऱ्याची मुलगी नऊ नंबर झाली. तिने घरी जायचे नाकारले, असे आई हसून सांगायची.

तेव्हापासूनची रीत अशी. मुलगी शाळा सोडून निघाली की तिचा नंबर नव्या मुलीला मिळतो. नवीच्या पहिल्या चादरीवर जुनीने स्वतःच्या हाताने नंबर घालायचा, आणि घालता घालता आपल्याआधी हा नंबर कोणाकोणाचा होता ते सांगायचे. टाका संपेपर्यंत गोष्ट संपली पाहिजे.

पहिली सतरा नावाड्याची मुलगी. तापाची साथ आली, वर्गात खाटा लागल्या, तीन सिस्टरपैकी दोघी गेल्या. ही मुलगी घागर घेऊन खाटांमधून फिरायची. ती गेली ती सर्वांत शेवटी, साथ उतरल्यावर. मग तो नंबर कोणी घेईना, अपशकुनी म्हणून. न्यायाधीशाची मुलगी आली, ती म्हणाली, "मला द्या. तिला एकटीला कशाला ठेवायचं?" ही दुसरी. तिसरी फोटोवाल्याबरोबर भिंतीवरून पळून गेली. गावभर सतरा तोंडांनी सतरा गोष्टी झाल्या. पण तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती मुख्य फाटकातून परत आली, सगळ्या सिस्टरांच्या देखत नव्या मुलीच्या चादरीवर नंबर घातला, आणि त्याच फाटकातून निघून गेली. आई म्हणायची, पळायला भिंत चालते, नंबर द्यायला फाटकच लागते. चौथीच्या वेळी लढाई होती, शाळेत शिपाई राहायला आले, सगळे धातूचे सामान जमा करत होते. चॅपलची लहान घंटा हिने गादीत शिवून टाकली आणि आठ महिने तिच्यावर झोपली. तिची पाठ कायमची दुखायची. पुढच्या दोघींबद्दल आईला एवढेच कळले होते की एक फार हसायची आणि एक अजिबात नाही.

त्यानंतरची माझी आई. दोन दिवसांची असताना दारात ठेवलेली. नंबर मिळाला तेव्हा ती म्हणे रात्रभर तो बोटाने चाचपत होती. तिला आजी नव्हती, आत्या नव्हती, एकदम सहा बायका मिळाल्या. काकांना द्यायचे उत्तर ते हेच. आज सुचले.

आईनंतर आणखी तिघी झाल्या. त्यांतल्या शेवटचीला वडिलांनी लग्नासाठी अर्ध्या वर्षातून उचलून नेले. नंबर द्यायचा राहिला. नवी मुलगी आली तेव्हा सांगायला कोणी नव्हते. आई शाळेची शिवणकामवाली, ती म्हणाली, "मीच घालते. मी जुनी झाले म्हणजे नंबर गेला का?" चादर घेऊन बसली. एक घातला, गोष्ट तिसरीच्या भिंतीपर्यंत आली, आणि आईच्या पोटात कळ उठली. पुढचे वर लिहिले आहे. मुलीला अर्धी चादर आणि अर्धी गोष्ट मिळाली. मी सांगू शकलो असतो, पण वसतिगृहात पुरुषाने जायचे नाही, आणि टाक्याशिवाय गोष्ट सांगायची नाही, आणि तो टाका पुढे नेण्याची मला छाती होत नाही. या महिनाअखेरीस वसतिगृह बंद होत आहे. सिस्टर तिघीच उरल्या आहेत, सुरुवातीला होत्या तेवढ्याच. मुलगी मामाकडे जाणार. त्याआधी तिला हे मिळाले पाहिजे. मला ऑपरेशनपेक्षा याचीच काळजी जास्त आहे.

कलम ६. सतरा नंबरचा फ्रॉक दुमड सोडून लांब करायला आला आहे. झालेला नाही. कोणी शिंपी पाहून

येथे लिहिणे थांबले. दुपारी मावशी धुण्याची गाठोडी घेऊन आली, तिच्याबरोबर सतरा. पुढे घडले त्यामुळे कलम ५ मध्ये बदल होतो, म्हणून जसेच्या तसे लिहितो.

"टेलरदादा, फ्रॉक झाला?"

"नाही. कागद लिहितोय."

"तुमची परीक्षा आहे?"

मावशी म्हणाली, "मरायची तयारी चाललीय. उद्या त्याच्या पोटाला दोन टाके घालणार आहेत, तर हा घाबरट दुनियेला घरदार वाटत सुटलाय."

"मग माझा फ्रॉक कोण देणार?"

मी म्हणालो, "कलम सहा." तिने कागद ओढलाच. मी नको नको म्हणेपर्यंत उभ्या उभ्या वाचू लागली. बोट ओळीवरून चालले होते. एके ठिकाणी थांबले.

"परत आली? फाटकातून?"

"हो."

"खरंच? मला दोन वर्षं वाटतंय ती गेली ती गेलीच! मी तिच्यावर रागावलेय किती!" आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही गप्प? मला कॉलर नीट करून देता, मापं घेता, आणि हे नाही सांगत?"

मावशीने खण उघडला, चादर काढून तिच्या मांडीवर टाकली. "वाचत काय बसलीस? कागदावरून होत नाही ते. सुई घे. तो सांगेल."

"सतरानंच घालायचा असतो," मुलगी म्हणाली.

"मग तू कोण, अठरा?"

तिने सुई उपसली. मी डोळे मिटले होते, ते मावशीने उघडायला लावले. मी पहिलीपासून, नावाड्याच्या मुलीपासून, सांगितले, तिने सात घातला. घंटेवर झोपलेलीपाशी ती इतकी हसली की टाका चुकला, तो उसवायचा नाही असे ठरले. आईपर्यंत आलो तेव्हा ती चष्म्याकडे पाहत होती. सात थोडा पडका आहे, पण सातच आहे.

दोरा तोडला आणि मग तिचा चेहरा उतरला. "आता मी कोणाच्या चादरीवर घालू? पुढे कोणीच नाही येणार."

दुकानाच्या कोपऱ्यात माझी दवाखान्याची पिशवी भरून ठेवली होती, वर घडी घातलेली चादर. तिने ती ओढून मांडीवर घेतली.

"यावर कोणाचा नंबर आहे?"

"कोणाचा नाही. ती माझी आहे."

"नंबर नसला तर दवाखान्यात हरवेल. सगळं एकत्र धुतात."

"अगं, मी मुलगा आहे. मुलग्यांना नसतो."

तिने सुईत दोरा ओवला. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "साबणाला कुठं कळतं?"

मावशी पदराने डोळे पुसायला लागली आणि वर मलाच म्हणाली, "रडतोस काय!"

मुलगी टाके घालत होती आणि सांगत होती, पहिल्यापासून, मी नुकतेच सांगितलेले, पण तिच्या पद्धतीने. शेवटी आई आली. आणि आईनंतरच्या तिघींनंतर एक मुलगी आली, जिला अर्धाच नंबर मिळाला होता, ती खूप वाट बघायची, असे तिने सांगितले. टाका संपला तेव्हा गोष्ट संपली.

सबब कलम ५ रद्द करीत आहे. ती मिळकत आता माझ्याकडून द्यावयाची राहिलेली नाही. देऊन झाली, आणि रीतीप्रमाणे मलाही मिळाली. कलम ४ मधील चादर ती आजच घेऊन गेली. बाकी कलमे कायम. मी उद्या न परतल्यास माझ्या अंगावरची चादर मावशीने धुऊन त्या मुलीला परत द्यावी, म्हणजे नंबर अडणार नाही. पुढे तिने तो कोणालाही द्यावा, शाळा असो वा नसो.

हे सर्व औषधवाल्यांना व फाटकवाल्यांना वाचून दाखवले. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. फाटकवाले म्हणाले, तिसरी सतरा ज्या फाटकातून आली ते आता रंगवायला झाले आहे, हेही लिही. लिहिले.

सही: (जोडपत्राप्रमाणे), नंबर १७
साक्षीदार: १. औषधवाले २. शाळेचे फाटकवाले
स्थळ: शाळेमागचे दुकान
दिनांक: १४ मार्च २०१७, सायंकाळ

हिशेब, कोणी विचारू नये म्हणून:
खर्च झाले: दवाखान्याची आगाऊ रक्कम, पावती पिशवीत. लाल दोरा, एक रीळ.
येणे: काही नाही.
देणे: सतरा नंबरचा फ्रॉक, दुमड सोडून. मजुरी पोचली. शनिवारी द्यायचा, स्वतः.