कोड नंबर ११७ चे बेजबाबदार पालक

३ जून, सकाळी ६.३०
मुलांच्या मानसिक आरोग्याची पाहणी आजपासून. प्रमुख मी. सुरुवात लेकीच्याच शाळेतून. संमतीपत्रावर पालक म्हणून माझा नंबर दिला. बायकोला फोनचा ताप नको. फॉर्मवर नाव नाही, फक्त कोड नंबर. उत्तरं काळजीची वाटली तर समुपदेशक बाई पालकांना फोन करणार. नावं त्यांनाही कळणार नाहीत. नियम माझे, एकदम वॉटरटाइट.
संकल्प: रोज लेकीशी वीस मिनिटं बोलायचं.

९ जून
बोलणं जमलं नाही. पण शाळेत वाटण्याआधी प्रश्नावलीची ट्रायल तिच्यावरच घेतली. चाळीस प्रश्न, वीस मिनिटं. ते बोलण्यातच धरतो.

१४ जून
बायको म्हणते, लेक जेवायलासुद्धा खोलीबाहेर येत नाही, मैत्रिणीही तुटल्या. म्हटलं, हे वयच असं असतं. माझा लेख वाचायला दिला. तिने त्यावर भाजी निवडली.

१८ जून
अनोळखी नंबरवरून तीनदा फोन. लोनवाले असणार. ब्लॉक केला. अहवाल लिहिताना डोकं शांत हवं.

२० जून
समुपदेशक बाईंची मेल. ११७ ची उत्तरं वाचून त्यांना धास्ती वाटते, आणि पालक फोनच उचलत नाहीत. डोकंच फिरलं. पोटच्या पोरांचं काही पडलेलं नाही लोकांना! अहवालात 'पालकांची अनास्था' हे नवं प्रकरण घातलं. झकास उतरलंय.

२३ जून
बाईंनी ११७ चं एक उत्तर टाइप करून पाठवलं. 'घरी तुझं कोण ऐकतं?' याला टिक नाही, नुसतं लिहिलंय, 'विचारतात. ऐकत नाहीत.' इतकं आवडलं की प्रकरणाच्या सुरुवातीलाच टाकलं.

२५ जून, दुपारी ४
बाईंना म्हटलं, द्या तो नंबर, मीच झापतो त्या माणसाला. ऑफिसच्या फोनवरून लावला. नेमका तेव्हाच खिशातला मोबाइल वाजला. कट केला. पुन्हा लावला. पुन्हा वाजला.
मग चिठ्ठीवरचा नंबर एकेक आकडा करून वाचला.

संध्याकाळी ५.१०
लेकीच्या दाराशी. अशा वेळी पालकांनी काय बोलावं, याचं पानभर मार्गदर्शन मीच लिहिलंय. एक ओळ आठवत नाही. भीती वाटतेय. दार वाजवलं. आतून म्हणाली, बाबा, फॉर्म दाराखालून सरकव, भरून देते.
हातात फॉर्म नव्हता. फरशीवर बसलोय.