लवंग टोचलेल्या गोळ्या

ताई,

आईला नमस्कार सांग, आणि मी अंगानं भरलोय असंही सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

कामावर राहायला चाकांवरची खोली मिळाली आहे, गाडीला जोडून ओढून नेतात तसली. पलंगावर बसूनच चहा करता येतो. फक्त झुरळांनी उच्छाद मांडला होता. मग मी आईचंच औषध केलं. बोरिक पावडर, कणीक आणि साखर, वर प्रत्येक गोळीला एक लवंग टोचली. लहानपणी दादानं खाऊ समजून एक गोळी तोंडात घातली होती, तेव्हापासूनची तिची ही खूण. चार दिवसांत झुरळं गायब झाली. आईला म्हणावं, तुझं औषध सातासमुद्रापार चाललं.

तिला इथपर्यंतच वाचून दाखव.

गोळ्या ठेवायला पलंगाची फळी उचलली, तर खाली आधीच सात गोळ्या होत्या, दगडासारख्या वाळलेल्या. प्रत्येकीत लवंग.

माझ्याआधी इथं कोण राहायचं, असं मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "होता एक, तुझ्याच चणीचा. एक दिवस कामावर आलाच नाही. जाऊन पाहिलं तर दार उघडं आणि कपात चहा तसाच. बरेच दिवस वाट बघून सामान टाकून दिलं."

दादाचं शेवटचं पत्र येऊन नऊ वर्षं झाली.

त्या गोळ्या मी उचलल्या नाहीत. फळी परत बसवली आणि तिच्यावरच झोपतो. चहा मात्र आता कपात ओतला की लगेच संपवतो.

लवंग टोचायची रीत आईनं शेजारीपाजारी कुणाला शिकवली होती का, हे तिला सहज विचार. हो म्हणाली तरच कळव.

तुझा धाकटा