मान न हलवता

ब्राउनश्वाइग,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय अहिल्याताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. अन्वीला गालगुच्चा.

"तिथं जे काही बोलतात ते सगळं समजतं ना गं तुला?" असं तू परवा विचारलंस आणि मी लगेच "हो" म्हणाले. खरं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. म्हणून आज फोन न करता पत्र लिहिते आहे. व्हिडिओ कॉलवर तुझा चेहरा दिसला की माझी मान आपोआप डोलायला लागते. कागदावर ती सोय नाही.

तू पाठवलेलं मेतकूट पोचलं. इथं सकाळी आता जाकीट लागतं. अण्णांचा गुडघा कसा आहे? माझ्या नोकरीचे पेढे त्यांनी टेम्पोस्टँडवर तर वाटलेच, वर माझ्या शाळेतही नेऊन दिले, हे ऐकून मला हसू आलं. त्या नोकरीबद्दल लिहायचंच आहे. पण आधी च्याह्वेबद्दल लिहिते.

च्याह्वे माझ्या शेजारच्या खोलीत राहते. चीनमधल्या लानचौची. आमचं स्वयंपाकघर एकच आहे, त्यामुळे तिच्या नूडल्सला माझी फोडणी असते. तिला माझ्याच कोर्सला प्रवेश मिळाला, पण एका अटीवर. सप्टेंबर संपायच्या आत इंग्रजीची परीक्षा पास झाल्याचं दाखवायचं, नाहीतर जागा गेली आणि परत घरी. लिहिण्या-बोलण्यात ती ठीक होती. अडायचं ते ऐकण्यात. परीक्षेत संवाद एकदाच ऐकवतात. कुणीतरी घर भाड्यानं घेतंय, कुणी संग्रहालयाचा रस्ता विचारतंय, कुणी मधमाश्यांवर व्याख्यान देतंय. ऐकता ऐकता उत्तरं लिहायची.

ताई, ही मुलगी कशी अभ्यास करते ते तू बघायला हवंस. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, शब्दन् शब्द उतरवायचा. जुळला नाही की पुन्हा तेच वाक्य. त्यात कंटाळा नाही, कुरकुर नाही. बाहेरही तसंच. बेकरीत मागे रांग लागलेली असली तरी ही आपली बाईला शांतपणे सांगते, "दास हाबे इश निश्त फरश्टांडन." म्हणजे, मला हे समजलं नाही. पुन्हा सांगितलं तरी नाही समजलं, की पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात. मी बाजूला उभी राहून लाजेनं पावाकडे बघत राहायचे.

मे महिन्यात तिच्याकडची सरावाची रेकॉर्डिंग संपली. मी म्हटलं, मी वाचून दाखवते की! घरातली पहिली पदवीधर, आणि इंग्रजी हा तर माझा मानाचा विषय. रोज संध्याकाळी ती टेबलापलीकडे बसायची आणि मी वाचायचे. दोन आठवड्यांत तिची जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर यायला लागली. आम्ही दोघी हवेत. मी तर तिला म्हटलंसुद्धा, "माझ्या गावच्या सरांची पद्धत आहे ही!"

जूनमध्ये तिनं परीक्षा दिली. ऐकण्यात आधीच्या परीक्षेपेक्षाही कमी मार्क पडले.

मला वाटलं, माझे उच्चार नडले. माझ्या वाचनाचे व्हिडिओ तिनं उजळणीसाठी मोबाइलवर काढून ठेवले होते, तेच घेऊन खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला बोलावलं. म्हणाली, "हे बघ. पण आवाज बंद करून."

पडद्यावर मी पुस्तक धरून बसलेली, तोंड हलतंय, आवाज नाही. ती पेन्सिल घेऊन बसली आणि उत्तरं लिहायला लागली. एकही शब्द न ऐकता निम्म्याच्या वर बरोबर!

"कसं काय?" मी विचारलं.

"तुझ्या मानेवरून."

मग मी नीट पाहिलं. उत्तर जवळ आलं की मी थांबत होते, आपले सर वहीत लिहून घ्यायला सांगताना थांबायचे तशी. मग पुस्तकावरून तिच्याकडे बघत होते आणि मान डोलवत होते. चुकीच्या पर्यायाला मान स्थिर. बरोबर पर्यायाला ही अशी लाटेसारखी, डावी-उजवी.

"मलाही कळलं नव्हतं की मी मान वाचतेय," च्याह्वे म्हणाली. "मला वाटत होतं, इंग्रजी ऐकतेय."

ताई, तिनं मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. ती हसत सुटली. इतकी, की मलाही हसू आवरेना. मग उठली, तिची खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड, माझ्याकडे पाठ करून बसली. "आता वाच."

अख्खा उन्हाळा ती तशी पाठमोरी बसली. पहिले काही दिवस तिची उत्तरं पार कोसळली. तिचा ताठ झालेला मानेचा मागचा भाग मला दिसायचा. उत्तर सांगून टाकावंसं वाटायचं, पण सांगता येत नव्हतं. ती मात्र दर वेळी वळून सरळ म्हणायची, "हे नाही समजलं. हे पण नाही."

वाचनाच्या उताऱ्यांतही तिचं असंच. तिथं प्रत्येक विधानाला तीन पर्याय असतात: बरोबर, चूक आणि उताऱ्यात दिलेलं नाही. मी तिसऱ्या पर्यायाला घाबरायचे. आपल्याला शाळेत काहीतरी उत्तर द्यायचीच सवय ना. च्याह्वेला तोच सगळ्यात आवडतो. "जे माहीत नाही ते माहीत नाही म्हटलं की त्यालाही मार्क! किती चांगला पर्याय आहे," म्हणते.

गेल्या आठवड्यात तिचा निकाल लागला. पास झाली. जिन्यातून ओरडत वर आली आणि मला मिठी मारून चिनीत काहीतरी बोलत राहिली. मला एक शब्दही समजला नाही आणि तरी मी मान डोलवली. ती मागे सरकली, माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे! हेच!"

आता नोकरीबद्दल.

जुलैमध्ये आमचे प्रोफेसर, हेर लोरेन्झ (हेर म्हणजे श्रीयुत), मला त्यांच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथं गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घ्यायचं मोठं यंत्र आहे. ते यंत्राभोवती फिरत जर्मनमध्ये बोलत होते. मला निम्मंअर्धं कळत होतं. मी मान हलवली की ते "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणायचे आणि पुढे जायचे. शेवटी "आलेस क्लार?" म्हणाले. सगळं स्पष्ट ना? मी मान हलवली. ऑक्टोबरपासून काम माझं. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला.

काम नक्की काय ते मला तिथं काम करणाऱ्या सिद्धांतकडून कळलं. पुण्याचा आहे. "अगं, नव्या मुलांना सेफ्टी तू शिकवणारेस. कुठं उभं राहायचं, चाक फिरताना कशाला हात लावायचा नाही. जर्मनमध्ये. सांगितलं नाही तुला?"

सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

"चिल गं," तो म्हणाला. "आम्ही सगळे असेच निभावलो. मान हलवत राहा, आपोआप येतं."

मी महिनाभर स्वतःला तेच सांगत होते. अण्णांचे पेढे डोळ्यांसमोर यायचे. पण ताई, ते चाक पूर्ण वेगात फिरतं. उद्या एखाद्या मुलानं विचारलं, "इथं हात ठेवू का?" आणि मला प्रश्नच समजला नाही, तर माझी मान काय करेल ते मला माहीत आहे. लहानपणी तू मला नंदीबैल म्हणायचीस. बुगुबुगु वाजलं की मान. मी किती चिडायचे!

गुरुवारी मी हेर लोरेन्झ यांच्याकडे गेले. च्याह्वे सोबत आली. दारापाशी म्हणाली, "मी इथून तुझी मान बघणार." मी खुर्चीत बसले आणि सांगितलं, "दास हाबे इश निश्त फरश्टांडन. जुलैमध्ये तुम्ही जे सांगितलंत, त्यातलं निम्मं मला समजलं नव्हतं. हे काम मी आत्ता करू शकत नाही."

ते म्हणाले, "पण तुम्ही तर दर वेळी हो म्हणत होतात."

"आमच्याकडे त्याचा अर्थ, मी ऐकते आहे."

"आख् सो," असं होय, ते म्हणाले. मग हळूच, "मग इतकी वर्षं मी तुमच्याकडच्या किती मुलांना हे काम..." आणि वाक्य तसंच सोडलं. नंतर म्हणाले की जागा ते दुसऱ्या कुणाला देतील, आणि माझं जर्मन तयार झालं की मी पुन्हा दार ठोठावावं. पुढच्या वर्षी जागा असेल का, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. उताऱ्यात दिलेलं नाही.

तिथून मी सरळ भाषेच्या वर्गात गेले आणि एक पायरी खालच्या वर्गात नाव घातलं. संध्याकाळी च्याह्वे जर्मन उतारा वाचते आणि मी खिडकीकडे तोंड करून बसते. तिची मान तशी हलत नाहीच. पण ती म्हणाली, नियम म्हणजे नियम.

हे पत्र अण्णांना तू वाचून दाखवू नकोस. पेढे वाटले त्यांनी, तर हे त्यांनी माझ्याच तोंडून ऐकायला हवं होतं. म्हणून आज सकाळी मी त्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. व्हिडिओ बंद ठेवून.

सगळं न समजणारी,
तुझी
कौमुदी