मिनीचा पोकळ सूर्य

बुधवार, संध्याकाळ

आज मी मिनीच्या सूर्याचं पोट फाडलं. करायला नको होतं.

उद्या तिच्या शाळेत प्रदर्शन आहे. तराजूच्या एका पारड्यात कागदाच्या लगद्याचा सूर्य, दुसऱ्यात आठ ग्रह. "दादा, सूर्यमालेचं जवळजवळ सगळं वजन एकट्या सूर्यात असतं. उरलेल्या चिमूटभरातही अर्ध्याहून जास्त गुरूचं!" म्हणून तिने बेहाला भागातल्या एका वर्कशॉपमधून लोखंडी छर्रे मागून आणले आणि सूर्यात भरले.

ती क्लासला गेल्यावर मी सगळे छर्रे काढले, भोक चिकटवलं. म्हटलं, उद्या बाईंसमोर सूर्य वर जाईल, मज्जा!

पण सूर्याचं पारडं खालीच राहिलं. तराजू अडकला असेल? सूर्य उचलून पाहिला, फुचक्याच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, पुरीसारखा हलका. लगेच ग्रहांचं पारडं खाली आलं. सूर्य परत ठेवला, तर त्याचं पारडं हळूहळू खाली गेलं. चारदा केलं, चारदा तेच. छर्रे तर माझ्या खिशात आहेत. आत्ताही टोचतायत.

मिनी आली. "दादा, हात लावलास ना? तोंड बघ तुझं!"

"छे गं. जड आहे हां तुझा सूर्य."

"असणारच!"

हे वाचणाऱ्या, पाया पडतो, कुणाला सांगू नकोस. मिनीला तर नकोच. ती आत काय आहे ते उघडून बघेल.